विश्वासाचे राज्य : भवानराव पंतप्रतिनिधी

शिक्षा भोगून परत आलेल्या माणसाला समाज सहसा दारात उभा करीत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याचा अपराध फिटलेला असतो; लोकांच्या दृष्टीने मात्र तो कधीच फिटत नाही. हाताला काम नाही आणि गावात पत नाही, अशा अवस्थेत तो पुन्हा जुन्याच वाटेला लागण्याचा संभव असतो. म्हणून बंदिवासाच्या काळातच त्याला शिक्षण, उपयोगी काम आणि कुटुंबाचा आधार मिळाला पाहिजे, हा विचार आज मान्य झाला आहे. परंतु ज्या काळी तुरुंग म्हणजे उंच भिंती, बेड्या आणि सक्तमजुरी एवढाच अर्थ लोकांना ठाऊक होता, त्या काळी महाराष्ट्रातील एका लहानशा संस्थानाने बंदिवानांसाठी भिंतीच नसलेली वसाहत उभारली. त्या संस्थानाचे अधिपती होते भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 रोजी औंधच्या राजघराण्यात झाला. प्रतिनिधी हे मराठेशाहीतील एक मानाचे पद होते आणि ते या घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आले होते. राजपुत्राला शिकण्याची गरज काय, असे मानणाऱ्या त्या काळात बाळासाहेबांनी पुण्यास राहून बी. ए. ची पदवी मिळवली. 1909 साली ते औंधच्या गादीवर आले. संस्थान अगदी लहान होते. त्यात अवघी बहात्तर गावे होती आणि तीही सलग नव्हती. आजच्या सातारा, सांगली व विजापूर या जिल्ह्यांत ती विखुरलेली होती. त्यांतील आटपाडीचा भाग तर माणदेशातील, सदा दुष्काळाच्या छायेत असलेला. उत्पन्न बेताचे आणि खर्चाच्या वाटा अनेक, अशी राज्याची स्थिती होती.

परंतु बाळासाहेबांचे मन संपत्तीपेक्षा विद्या, कला आणि श्रम यांत अधिक रमत असे. ते स्वतः चित्रकार होते; रामायणातील प्रसंगांवर त्यांनी चित्रमालिका काढली. ते उत्तम कीर्तनकार होते आणि राजेपण बाजूला ठेवून लोकांसमोर कीर्तनास उभे राहत. सूर्यनमस्कारांचे तर त्यांना व्रतच होते. उतारवयातही त्यांनी हा व्यायाम सोडला नाही आणि संस्थानातील शाळांतून तो मुलामुलींना शिकवला जाईल, अशी व्यवस्था केली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध व्हावी म्हणून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला त्यांनी मोठे साहाय्य केले. औंधच्या यमाईच्या डोंगरावरील संग्रहालय ही त्यांच्या कलाप्रेमाची आजही पाहता येणारी खूण आहे.

माणसाची पारख करून त्याच्या पाठीशी उभे राहणे, हा त्यांचा विशेष गुण होता. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगावातील आपला कारखाना हलवावा लागला, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल स्थानकाजवळचा माळ दिला आणि भांडवलासाठी कर्जही दिले. निवडुंग माजलेल्या त्या उजाड जागी किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर तयार करणारा कारखाना गाजू लागला. पुढे, 1918 च्या सुमारास, वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर हेही औंधास येऊन स्थायिक झाले. ज्याला इतरत्र थारा नाही त्याला जागा द्यावी, काम करू द्यावे आणि मग फळाची वाट पाहावी, ही बाळासाहेबांची रीत होती.

या रीतीची खरी कसोटी 1938 आणि 1939 या वर्षांत लागली. बाळासाहेबांनी वयाची सत्तरी गाठली होती. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत इंग्लंडमधून उच्च शिक्षण घेऊन परतले होते. याच सुमारास मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते औंधच्या संपर्कात आले. बंगळूरच्या विद्युत कारखान्यातील मोठ्या पदावर काम केलेल्या या गृहस्थांनी पुढे संन्यस्त वृत्तीने राहून भारतानंद हे नाव धारण केले. संस्थानातील सत्ता प्रजेच्या हाती सोपवावी, असा विचार पुढे आला तेव्हा बाळासाहेबांनी त्याला संमती दिली. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी 1939 मध्ये औंधमध्ये लोकांचे राज्य सुरू झाले. गावच्या पंचायतीला या राज्याचा पाया मानण्यात आले. ज्या काळी अनेक संस्थानिक आपला अधिकार तसूभरही सोडावयास तयार नव्हते, त्या काळी एका राजाने आपण होऊन राज्य सोडले, ही घटना साऱ्या देशात कौतुकाचा विषय ठरली.

प्रजेवर विश्वास टाकणाऱ्या राज्याने आपल्या बंदिवानांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न त्यातूनच निर्माण झाला. त्या काळचा तुरुंगाचा कायदा 1894 सालचा होता. पहारा, शिस्त आणि शिक्षा यांवर त्याचा भर होता. कैद्यांची सुधारणा हेही तुरुंगाचे कार्य आहे, असे मत 1919–20 च्या भारतीय तुरुंग समितीने मांडले होते खरे. परंतु प्रत्यक्षात फारसे काही बदलले नव्हते. औंधने तो बदल करून पाहण्याचे ठरवले. फ्रीडमन यांच्या कल्पनेने आणि बाळासाहेबांच्या संमतीने 1939 साली आटपाडीजवळच्या माळावर बंदिवानांची शेतीवसाहत सुरू झाली. तिला स्वतंत्रपूर हे नाव देण्यात आले. तेथे तट नव्हता, गजांची कोठडी नव्हती. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेली माणसे तेथे मोकळ्या आकाशाखाली जमीन कसू लागली. त्यांना आपल्या बायकामुलांसह राहण्याची मुभा देण्यात आली.

यात धोका नव्हता असे नाही. एखादा बंदिवान पळाला असता किंवा त्याच्या हातून पुन्हा अपराध घडला असता, तर सारा दोष राजाच्या माथी आला असता आणि भोवतालच्या गावकऱ्यांना भीतीने ग्रासले असते. तरीही बाळासाहेबांनी तो धोका पत्करला. भिंत माणसाला अडवते, पण बदलत नाही. जबाबदारी मात्र त्याला आतून बदलू शकते, हे या प्रयोगामागील सूत्र होते. स्वतः पेरलेले पीक डोळ्यांसमोर उभे असताना आणि मुले अंगणात खेळत असताना पळून जाण्याची ओढ उरत नाही, ही साधी गोष्ट त्यामागे होती.

8 मार्च 1948 रोजी औंध संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. 1951 साली बाळासाहेबांचे निधन झाले. राज्य संपले, पण स्वतंत्रपूर टिकले. पुढे महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने ही वसाहत चालू ठेवली. याच माणदेशात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा रचली आणि तिच्या आधारे व्ही. शांताराम यांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निर्माण केला. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक तुरुंगाधिकारी यांची ही कथा बर्लिनच्या चित्रपट महोत्सवातही गौरवली गेली.

स्वतंत्र भारतात महाराष्ट्रातील येरवडा आणि पैठण, तसेच राजस्थानातील सांगानेर अशा ठिकाणी खुली कारागृहे निघाली. तरीही त्यांत सामावणाऱ्या बंदिवानांची संख्या अजून थोडीच आहे. बहुसंख्य बंदी आजही भिंतींच्या आतच आहेत. म्हणून रायपूरसारख्या मध्यवर्ती कारागृहातही साक्षरतेचे वर्ग, मुक्त शाळेच्या परीक्षा आणि हातातील कसब वाढवणारे उद्योग यांना महत्त्व आहे. तेथे एखादा बंदी प्रौढ वयात प्रथमच आपले नाव लिहितो किंवा सुतारकामाचे हत्यार हाती धरतो, तेव्हा सुटकेनंतरच्या जीवनाची तयारी सुरू झालेली असते. ती तयारी पुरी व्हावयाची, तर बाहेरच्या माणसांनीही त्याला काम आणि जागा देण्यास तयार असावे लागते. माणदेशातील एका लहान संस्थानाच्या वृद्ध राजाने आपल्या ओसाड माळावर ती जागा दिली होती.