तपोवनातील दाजीसाहेब

मनुष्याच्या एका हातात २७ हाडे असतात. त्यांपैकी १४ एकट्या बोटांतच आहेत. या इवल्या हाडांच्या साखळीमुळे शेतकरी विळा धरतो, शिंपी सुई ओवतो आणि विद्यार्थी लेखणी चालवितो. हाड दगडासारखे निर्जीव नसते. ते बालपणापासून वाढते, कामाने बळकट होते आणि मोडले तर पुन्हा सांधते. अशा हातांचे बळ ज्यांच्यापासून रोगाने हिरावून घेतले, त्यांच्या सेवेस आयुष्य वाहणारे सत्पुरुष म्हणजे अमरावतीचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन. लोक त्यांना आदराने दाजीसाहेब म्हणत.

दाजीसाहेबांचा जन्म १८९२ साली झाला. होमिओपॅथीचे वैद्य म्हणून त्यांनी अमरावतीस नाव मिळविले होते. सुखाने दिवस काढणे त्यांना सहज शक्य होते. परंतु देशाची हाक त्यांना स्वस्थ बसू देईना. स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेऊन त्यांनी कारावास सोसला.

त्या काळी वऱ्हाडात, अमरावती-अकोल्याकडे काय किंवा अन्यत्र काय, कुष्ठरोग्यांची स्थिती मोठी करुणाजनक होती. या रोगाला महारोग म्हणत आणि तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ समजत. घरचे लोकच रोग्याला घराबाहेर काढीत. वास्तविक हान्सेन या नॉर्वेच्या वैद्याने १८७३ सालीच या रोगाचा जंतू शोधून काढला होता. हा जंतू मज्जातंतूंवर घाला घालतो. मग हातापायांना वेदना कळेनाशी होते. चुलीवरचे तापलेले भांडे हाताला भाजते, पायात काटा रुततो. पण रोग्याला त्याची जाणीव होत नाही. जखम चिघळून हाडापर्यंत पोहोचते. हाड हळूहळू झिजते आणि बोटे आखूड होतात. वेदना ही शरीराची पहारेकरीण आहे. ती निघून गेली, की हाडांचे रक्षण कोण करणार?

दाजीसाहेबांना रोग्यांच्या जखमांइतकेच त्यांच्या अपमानाचेही दुःख होते. १९४६ साली त्यांनी अमरावतीजवळ तपोवनात विदर्भ महारोगी सेवा मंडळाचे कार्य आरंभिले. ज्यांच्याजवळ जाण्यास लोक भीत, त्यांच्या सहवासात ते राहू लागले. औषधोपचार होत राहिले. परंतु केवळ औषधाने मनाची जखम भरत नाही, हे त्यांनी ओळखले. भीक मागणाऱ्या हातांना त्यांनी काम दिले. आखूड बोटांचे हात शेतात राबू लागले, माग चालवू लागले, सुताराची अवजारे पेलू लागले. आपल्या श्रमाची भाकर खाताना त्या माणसांची मान प्रथमच ताठ झाली.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९८६ साली त्यांचे देहावसान झाले. पुढे अनेक औषधांचा एकत्रित उपचार सर्वत्र रूढ झाला आणि आज हा रोग पूर्णपणे बरा होतो. वेळीच उपचार झाल्यास बोटांना इजाही पोहोचत नाही. तथापि झिजलेले हाड औषधाने परत येत नाही. म्हणून त्वचेवर बधिर चट्टा दिसताच वैद्याकडे जावे, लाजून तो लपवू नये.

शरीराला हाडांचा आधार असतो, तसा समाजाला माणुसकीचा. दाजीसाहेबांनी तो आधार दुबळा होऊ दिला नाही, यातच त्यांच्या जीवनाचे थोरपण आहे.