साराबाई हेल आणि भोपळ्याचा पाय

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा त्यांच्या मनात जिजाबाई, अहिल्याबाई किंवा रमाबाई रानडे असणार हे मी ओळखले होते. त्या साऱ्या आपल्याला वंदनीयच आहेत. पण त्यांच्यावर माझ्याहून अधिकारी भगिनींनी पुष्कळ लिहिले आहे. मी आज जिची ओळख करून देणार आहे ती स्त्री परक्या देशातली, परक्या धर्माची. मात्र पाच लेकरांची विधवा आई, हातात लेखणी आणि स्वयंपाकघराविषयी ठाम मते, एवढे सांगितले की ती आपल्याला फारशी परकी वाटू नये. तिचे नाव सारा जोसेफा हेल. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी घरोघर थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे कृतज्ञतेचा, सण होतो. तो साऱ्या देशाने एकाच दिवशी साजरा करावा म्हणून ह्या बाईंनी सतरा वर्षे चिकाटीने लिहिले.

माझी मुलगी गेली बरीच वर्षे त्या देशात आहे, आणि दोन वेळा ह्या सणाच्या सुमारास मी तिच्याकडे होते. त्या दिवशीच्या टेबलावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. तिथे पदार्थाला नुसते पदार्थाचे नाव नसते, माणसाचेही असते. सफरचंदाचा पाय अमक्या आजीचा, रताळ्याची भाजी तमक्या मावशीची, आणि क्रॅनबेरी नावाच्या आंबट फळाचा मुरंबा कोणा दिवंगत आत्याच्या हातचा. करणारी केव्हाच गेलेली असते. तिच्या हातचा डाग पडलेला कागद मात्र जपून ठेवलेला असतो. आपल्याकडे दिवाळीत करंजी तोंडात टाकताना आईची आठवण निघते, तसलाच प्रकार. हा सण घरोघरच्या बायकांनी राखला असणार हे दिसतच होते. पण तो साऱ्या देशाला एका दिवशी मिळवून देण्यामागेही एक बाईच होती, हे मला तिथे पहिल्यांदा कळले.

आधी एक खुलासा. 'पाय' हा शब्द आपल्या कानाला चमत्कारिक लागतो. भोपळ्याचा पाय म्हटले की भोपळ्याला पाय फुटल्यासारखे वाटते. पण त्याला मराठीत दुसरा सुटसुटीत शब्द नाही. मैद्यात थंड लोणी चोळून, बेताच्या पाण्यात घट्ट भिजवून त्याची पारी लाटायची, ती पसरट ताटलीत बसवायची, आत सारण भरायचे आणि भट्टीत भाजायचे. काही पायांवर दुसरी पारी झाकतात, भोपळ्याचा उघडाच ठेवतात. त्याचे सारण म्हणजे शिजवून घोटलेला तांबडा भोपळा, दूध, अंडी, साखर किंवा काकवी, आणि वर सुंठ, दालचिनी, जायफळ. अंडी सोडली तर आपल्या घारग्यांचा हा लांबचा भाऊच. मसाला तर आपल्याच बाजूच्या मुलखातून तिकडे गेलेला.

साराबाईंचा जन्म 24 ऑक्टोबर 1788 रोजी न्यू हॅम्पशायर प्रांतातील न्यूपोर्ट ह्या गावी झाला. वडील कॅप्टन गॉर्डन ब्यूएल अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. मुलींना कॉलेजची दारे त्या काळी बंदच होती. आईने घरीच लिहायवाचायला शिकवले. भाऊ होरेशियो डार्टमथ कॉलेजात जाई. तो स्वतः जे शिके ते बहिणीला शिकवी. असा भाऊ मिळायला भाग्य लागते. पुढे गावातच त्यांनी शाळा चालवली, आणि 1813 साली डेव्हिड हेल ह्या तरुण वकिलाशी त्यांचे लग्न झाले. हे नवराबायको रोज रात्री आठ ते दहा एकत्र बसून वाचन करीत. आपल्या रमाबाई आणि माधवराव रानडे डोळ्यांपुढे येतात ना? मलाही आले.

हा संसार नऊच वर्षे टिकला. 1822 च्या सप्टेंबरात डेव्हिड फुप्फुसाच्या दाहाने गेले. चार मुले पदरात, आणि पाचवे त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत जन्मले. साराबाई तेव्हा चौतीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांनी काळा पोषाख घातला तो जन्मभर उतरवला नाही. नवऱ्याच्या फ्रीमेसन मित्रांच्या मदतीने नणंदेबरोबर बायकांच्या टोप्यांचे दुकान काढून पाहिले, पण मन लेखणीकडे ओढत होते. 1823 साली कवितांचे पुस्तक निघाले आणि 1827 साली 'नॉर्थवुड' ही कादंबरी.

ह्या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचे एक सबंध प्रकरण आहे. टेबलाच्या अग्रभागी भाजलेला टर्की पक्षी. शिवाय गाईचे, डुकराचे, मेंढीचे मांस, हंस आणि बदके. मधूनमधून रस्सा आणि भाज्यांची भांडी. निवडक तुकड्यांचा, भरपूर लोणी घातलेला कोंबडीचा मोठा पाय. त्याच्यावाचून त्या भागात हा सण व्हायचाच नाही. पलीकडे पुडिंग, कस्टर्ड, तऱ्हेतऱ्हेचे पाय, आणि त्यांत मानाचे पान भोपळ्याच्या पायाला. आपल्यातील शाकाहारी भगिनी इथे नाक मुरडतील, त्यांना माझे एवढेच सांगणे की यादीकडे नको, लिहिणारीकडे पाहा. नवरा जाऊन पाच वर्षे झालेली, घरात पाच तोंडे, उत्पन्न बेताचे. आणि ही बाई भरल्या घराचे भरले ताट एकेक वाटी मांडून लिहिते आहे. तिने लिहिलेला तो पाहुणचार तिच्या लहानपणच्या न्यू हॅम्पशायरचाच होता. 1621 साली प्लिमथ येथे इंग्रज वसाहतवाले आणि तिथले मूळ रहिवासी वाम्पानोआग लोक सुगीनंतर एकत्र जेवले, तिथे ह्या सणाचा उगम दाखवण्याची चाल आहे. पण त्या जेवणात पाय असणे शक्य नव्हते. त्यांच्याजवळ ना लोणी, ना गव्हाचे पीठ. आज सणाचे म्हणून जे जेवण मानले जाते त्याचे रूप पुष्कळसे साराबाईंच्या काळच्या गृहिणींच्या चुलीवरचे आहे.

कादंबरी गाजली आणि बोस्टनहून एका स्त्री-मासिकाच्या संपादकपदाचे बोलावणे आले. 1828 साली त्या गेल्या. धाकट्याला बरोबर घेतले. थोरल्या मुलांची सोय मात्र नातलगांकडे करावी लागली. पोटासाठी लेकरे अशी पांगवताना त्यांना काय वाटले असेल, ते सांगायला नको. पुढे हयातभर त्या ज्या एका दिवसाचा हट्ट धरून बसल्या, तो पांगलेली मुले आईबापांच्या घरी एका टेबलाशी जमण्याचा दिवस होता. दोहोंचा संबंध मी जोडते आहे खरी, पण आई असलेली कोणीही तो जोडीलच.

1830 साली त्यांचे मुलांसाठी कवितांचे छोटे पुस्तक निघाले. मेरी आणि तिचे कोकरू ही आपली नातवंडे शाळेत घोकतात ती कविता त्यातलीच. 1833 साली त्यांनी बोस्टनच्या खलाशांच्या बायकामुलांसाठी मदतसंस्था काढली. बंकर हिलचे युद्धस्मारक पैशावाचून वर्षानुवर्षे अर्धवट पडले होते. 1840 साली त्यांच्या पुढाकाराने बायकांनी सात दिवसांची जत्रा भरवली. घरी केलेले पदार्थ आणि हातचे विणकाम-भरतकाम विकून तीस हजार डॉलर उभे राहिले. आनंदमेळ्याचे हिशेब लिहून ज्यांची बोटे दुखली आहेत त्यांना ह्या आकड्याची किंमत कळेल.

1837 साली फिलाडेल्फियाचे लुई गोडी यांनी ते मासिक विकत घेऊन आपल्या 'गोडीज लेडीज बुक'मध्ये मिळवले आणि संपादक म्हणून साराबाईंनाच ठेवले. त्या जागेवर त्या चाळीस वर्षे होत्या. 1860 च्या सुमारास मासिकाच्या दीड लाख प्रती खपत होत्या. 1839 साली लष्करात असलेला थोरला मुलगा डेव्हिड वारला. त्याच वर्षी त्यांचे 'द गुड हाउसकीपर' हे पाकशास्त्राचे पुस्तक बाहेर पडले. त्यात गंमत अशी की सणाच्या पायांची ही कैवारी पायांविषयी फारसे चांगले बोलत नाही! नाजूक प्रकृतीला ती पारी पचत नाही, असा तिचा इशारा. किसलेले मांस, चरबी, सफरचंद, मनुका आणि मसाले घालून करतात त्या मिन्स पायावर तर रागच. ख्रिसमस आणि थँक्सगिव्हिंगला तो असायचाच, ती चाल मोडणे आपल्या हाती नाही हे त्या कबूल करतात; पण ज्यांना रात्री शांत झोप हवी त्यांनी उरलेल्या वर्षात त्याच्या वाटेला शक्यतो जाऊ नये, असे बजावतात. अनारसे तळता तळता पथ्याची व्याख्याने देणाऱ्या आमच्या एका मावशींची मला इथे आठवण झाली.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळते. त्या काळी थँक्सगिव्हिंग हा न्यू इंग्लंडचा सण होता. ज्या त्या राज्याचा गव्हर्नर आपापल्या सोयीने दिवस जाहीर करी, आणि दक्षिणेत तर पुष्कळांना तो ठाऊकच नव्हता. 1846 पासून साराबाईंनी मासिकातून लिहायला सुरुवात केली की नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार साऱ्या देशाचा असावा. नुसते अग्रलेख लिहून त्या थांबल्या नाहीत. राज्याराज्यांच्या गव्हर्नरांना, परदेशी असलेल्या अमेरिकन वकिलांना हाताने पत्रे लिहिली. टेलर, फिलमोर, पिअर्स, बुकॅनन ह्या राष्ट्राध्यक्षांमागून राष्ट्राध्यक्षांना विनविले. त्याच वेळी मासिकात सणाच्या गोष्टी आणि पाककृती येत राहिल्या, आणि ज्या गृहिणींनी हा सण कधी पाहिला नव्हता त्यांच्या चुलींपर्यंत तो पोचला. गव्हर्नर एकेक करून वळू लागले. व्हर्जिनियाचे गव्हर्नर वाइज यांनी मात्र 1856 साली साफ नकार दिला. गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण तेढ वाढत होती, आणि हा उत्तरेच्या उपदेशकांचा सण म्हणून दक्षिणेत भोपळ्याच्या पायाकडेही संशयाने पाहिले जाई.

एका दिवशी एका प्रकारचे जेवण जेवणारी माणसे एकमेकांवर बंदूक उचलणार नाहीत, अशी साराबाईंची भाबडी वाटावी अशी श्रद्धा होती. 1861 साली बंदुका उचलल्या गेल्याच. 1863 च्या जुलैत गेटिसबर्गला हजारो तरुण पडले. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला, पंचाहत्तरीला महिना राहिला असताना, त्यांनी अब्राहम लिंकन यांना पत्र पाठविले. ह्या खेपेला उत्तर यायला वेळ लागला नाही. 3 ऑक्टोबरला घोषणा निघाली. मसुदा परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांचा, सही लिंकन यांची. 26 नोव्हेंबर 1863 ह्या गुरुवारी तो दिवस पाळला गेला. किती घरांत त्या दिवशी एक खुर्ची रिकामी असेल! दक्षिणेची बंडखोर राज्ये अर्थातच त्यात नव्हती. तिथे हा सण रुजायला पुढे कितीतरी वर्षे लागली. लिंकन यांच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षांनी दरसाल घोषणा करण्याचा पायंडा पाळला, आणि 1941 साली चौथ्या गुरुवारचा कायदाच झाला.

साराबाईंची सगळीच मते मला पटतात असे नाही. गुलामगिरी त्यांना नको होती, पण मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेतील लायबेरियात जाऊन राहावे, असे त्या म्हणत. जी माणसे पिढ्यान् पिढ्या त्या मातीत राबली, त्यांना त्याच घराच्या टेबलाशी जागा नको, हे कसे? स्त्रियांच्या मताधिकारालाही त्यांचा विरोध होता. राष्ट्राध्यक्षांना सतरा वर्षे सल्ला देणाऱ्या बाईने बायकांना मत नको म्हणावे, ह्याला काय म्हणायचे! एकोणीसशे सत्तरपासून तिथले काही मूळ रहिवासी ह्याच गुरुवारी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात, तेही सांगितले पाहिजे.

मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र त्यांचे पाऊल कधी मागे पडले नाही. पोकिप्सी गावी मॅथ्यू व्हासार यांनी मुलींचे कॉलेज काढले तेव्हा साराबाईंनी त्यांना मनापासून साथ दिली. आणि नावातला मादीवाचक इंग्रजी शब्द मुलींना कमीपणा आणणारा आहे म्हणून तो काढायला लावला. 1867 साली तो गेला. स्त्रियांनी डॉक्टर व्हावे असा त्यांनी आग्रह धरला, आणि आशियातील स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर पाठविण्याकरिता 1851 साली फिलाडेल्फियात एक समिती स्थापन केली. 1877 च्या डिसेंबरात, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांनी संपादकत्व सोडले. एडिसनने आपल्या नव्या ध्वनियंत्रात पहिल्यांदा जे शब्द म्हटले ते मेरीच्या कोकराचे, आणि तेही ह्याच साली. 30 एप्रिल 1879 रोजी फिलाडेल्फियात त्यांचा अंत झाला.

त्यानंतर चारच वर्षांनी, 1883 साली, आपल्या आनंदीबाई जोशी त्याच फिलाडेल्फियात स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना अमेरिकेत लेकीसारखे सांभाळले, त्यांच्याकडे आनंदीबाईंची रक्षा पाठविण्यात आली. कार्पेंटरबाईंनी ती आपल्या कुटुंबाच्या स्मशानजागेत ठेवली. ती जागा पोकिप्सी गावीच आहे.