केडगावची जमीन व पंडिता रमाबाई

अंबरनाथ व बदलापूर येथील आमच्या वाचकांच्या गावांवरून जो लोहमार्ग बोरघाट चढून पुण्यास जातो, तोच पुढे दौंडाच्या अलीकडे केडगावास लागतो. ह्या एका मार्गावर निराश्रितांच्या दोन वसाहती झाल्या. उल्हासनगर ही अलीकडची. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या लोकांस लष्कराच्या बराकींत आसरा मिळाला व १९४९ साली त्या वसाहतीस हे नाव पडले. केडगावची वसाहत त्याहून पन्नास वर्षे जुनी असून तिची जमीन एका विधवेने धर्मकार्यासाठी घेतली होती.

त्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पण पुढे घरची स्थिती खालावली, आणि सर्व कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. दक्षिणेतील दुष्काळात आईबाप व थोरली बहीण गेली. मग रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाले. पंजाबात कडक थंडीच्या रात्री पांघरूण नसल्यामुळे ह्या भावंडांनी नदीकाठी दोन खड्डे खणले, कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली व केवळ डोकी बाहेर ठेवून रात्र काढली. घर नसणे म्हणजे काय, हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही.

कलकत्त्यात मिळालेला मान, विवाह, लवकरच आलेले वैधव्य, १८८३ साली इंग्लंडात झालेला बाप्तिस्मा, हे सर्व वाचकांस ठाऊकच आहे. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. अमेरिकेतील मित्रमंडळीने दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते. ती मुदत सरल्यावर काय करावे, ह्या चिंतेने रमाबाईंनी केडगावी सुमारे १०० एकर जमीन घेतली. फळझाडे लावावी व त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवावे, एवढाच हेतू.

इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातून रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व विधवा आणल्या. परंतु पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांस तेथे ठेवता येईना. केडगावी जमीन होती, घरे नव्हती. उत्पन्नाची जमीन म्हणून ती राखून ठेवून मुलींस परत पाठविणे कोणाही हिशेबी माणसास सुचले असते. रमाबाईंनी त्यांस त्या माळावर नेऊन तात्पुरत्या झोपड्यांत ठेवले, आणि मग पक्क्या इमारती बांधावयास घेतल्या. तेच मुक्ती सदन.

१९०० सालच्या गुजराथेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. छप्पर घालणे सोपे. इतक्या माणसांस रोज पाणी व भाकर पुरविणे कठीण. म्हणून विहिरी खणल्या, शेती व माग चालविले, छापखाना घातला. पतितांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन अशा निराळ्या वास्तू झाल्या. एवढा समुदाय एकाच बाईच्या शब्दावर चालावा ह्यात धोका होता, असे आम्हांस वाटते; तथापि तिच्यामागे काम बंद पडले नाही.

कन्या मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी वारल्या. रमाबाई स्वतः केलेल्या मराठी बायबलाचे काम करीत राहिल्या, व ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच त्यांचा अंत झाला. ती जमीन आज पंडिता रमाबाई मुक्ती मिशनाकडे आहे व तेथे निराधार स्त्रिया व मुली राहतात.