जॉन लेनन : तालाचा हात

वाद्यवृंदांत गिटारीवर मुख्य सूर वाजविणाऱ्याकडे श्रोत्यांचें लक्ष सहज जातें. त्याच्या बाजूस उभा राहून जो सर्व तारांवर एकसारखा हात फिरवीत ताल सांभाळतो, तो थांबला तरच त्याची उणीव भासते. इंग्लंडांतील ‘बीटल्स’ या जगप्रसिद्ध चौकडींत हें काम मुख्यत्वें जॉन लेनन याच्याकडे असे. गीतकार व गायक म्हणून तो सर्वांस ठाऊक आहे. आम्ही येथें त्याच्या हाताची व घराची हकीकत सांगणार आहों, कारण आमच्या मतें त्या दोहोंचा उगम एकच.

जॉनचा जन्म ता. ९ ऑक्टोबर १९४० रोजीं लिव्हरपूल येथें झाला. बाप जहाजावर नोकरीस, बहुधा घराबाहेरच. आई ज्युलिया हिचा संसार टिकला नाहीं, आणि पांच वर्षांच्या सुमारास मुलगा मिमी मावशीच्या स्वाधीन झाला. मावशी मोठी शिस्तीची. आई त्याच शहरांत राहत असे. वाढत्या वयांत तो तिच्याकडे जाऊं लागला, तेव्हां बँजोवर बोटें कोठें ठेवावीं हें तिनेंच त्याला शिकविलें. म्हणून सहा तारांच्या गिटारीवरहि तो प्रथम बँजोचेच चार तारांचे स्वरमेळ वाजवी! ता. ६ जुलै १९५७ रोजीं वूल्टन येथील सेंट पीटर चर्चच्या जत्रेंत त्याची पॉल मॅकार्टनी या पंधरा वर्षांच्या मुलाशीं गांठ पडली. पॉलला गिटार नीट लावतां येई. तिचे खरे स्वरमेळ जॉन पुढें त्याच्यापासून शिकला. पॉलची आई आदल्या वर्षींच वारली होती. ता. १५ जुलै १९५८ रोजीं मावशीच्या घरून परत निघालेल्या ज्युलियाला रस्त्यांत मोटारीनें धडक दिली, व ती मरण पावली. जॉन तेव्हां सतरा वर्षांचा होता.

१९६० ते १९६२ या काळांत जर्मनींतील हॅम्बर्ग शहरीं रात्रीच्या क्लबांतून तासन् तास वाजवून त्याचा हात पक्का झाला. १९६३ सालच्या ‘ऑल माय लव्हिंग’ या गीतांत तो मात्रेमात्रेस तीन तीन द्रुत आघात देतो. हें सोपें वाटत असेल, त्यानें दोन मिनिटें तसें वाजवून पाहावें.

कीर्तीबरोबर बेफिकिरीहि आली. बीटल्स ख्रिस्ताहून लोकप्रिय झाले आहेत, अशा अर्थाचे उद्गार त्यानें १९६६ सालीं काढले. अमेरिकेंत त्यांच्या तबकड्या जाळण्यांत आल्या, आणि ऑगस्टमध्यें शिकागो येथें त्यानें दिलगिरी दर्शविली. आम्हांस ते उद्गार रुचत नाहींत. तबकड्यांची होळीहि रुचत नाहीं. त्याचा याहून मोठा दोष घरांत होता. १९६२ सालीं त्याचा सिंथिया पॉवेल हिच्याशीं विवाह झाला, व पुढील वर्षीं ज्युलियन हा पुत्र झाला. परंतु दौऱ्यांमुळें बाप घरीं क्वचितच असे. १९६८ च्या आरंभीं ऋषिकेश येथें महर्षि महेश योगी यांच्या आश्रमांत असतां, एकेक तार बोटांनीं छेडण्याची रीत तो डोनोव्हन या गायकापासून शिकला. त्या रीतीच्या साथीनें त्यानें ‘ज्युलिया’ हें आईच्या नांवाचें गीत रचिलें. त्यांत तो एकटाच गातो व एकटाच वाजवितो. त्याच वर्षाच्या अखेरीस घटस्फोट झाला. आईची आठवण इतकी ताजी, आणि पांच वर्षांचा मुलगा मात्र मागें राहिला! याचा मेळ आम्हांस बसवितां आला नाहीं.

१९६९ सालीं योको ओनो हिच्याशीं त्याचा दुसरा विवाह झाला. १९७० सालीं बीटल्स विभक्त झाले. ता. ९ ऑक्टोबर १९७५ रोजीं, बापाच्याच जन्मदिनीं, शॉन हा दुसरा मुलगा न्यूयॉर्क येथें जन्मला. त्यानंतर सुमारें पांच वर्षें लेननने संगीताचा व्यवसाय दूर ठेविला. घरीं राहून तो मूल सांभाळी, पावहि भाजी. मोठ्या मुलाच्या वांट्यास यांतील फारच थोडें आलें.

१९८० च्या नोव्हेंबरांत त्याची नवी तबकडी निघाली. ता. ८ डिसेंबरच्या रात्रीं ध्वनिमुद्रण आटोपून परततांना घराच्या दाराशींच त्याला गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें. शॉन तेव्हां पांच वर्षांचा होता, आणि ज्युलियन सतरा.