सुब्रह्मण्य भारती : कवी आणि सहचारिणी

आधुनिक तमिळ कवितेत स्त्रीस्वातंत्र्याचा उद्घोष करणारे महाकवी सुब्रह्मण्य भारती यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी एट्टयपुरम येथे झाला. १८९७ मध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हा वधू चेल्लम्मा अवघ्या सात वर्षांच्या होत्या.

१९०५ मध्ये ते ‘चक्रवर्तिनी’ या स्त्रियांच्या मासिकाचे संपादक झाले. त्याच वर्षीच्या काशी काँग्रेसहून परतताना कलकत्त्यास त्यांची भगिनी निवेदितांशी भेट झाली. पत्नीला सोबत का आणले नाही, या निवेदितांच्या प्रश्नाने ते ओशाळले. स्त्रियांच्या उन्नतीसाठी झटणाऱ्या संपादकाची पत्नी मात्र घरीच राहिली होती. भारतींनी निवेदितांना गुरुस्थानी मानले.

इंग्रज सरकारच्या रोषामुळे १९०८ मध्ये त्यांना फ्रेंच पाँडिचेरीचा आश्रय घ्यावा लागला. तेथे रचलेल्या ‘पांचाली शपथम्’ या काव्यात, द्यूतात पणाला लावलेल्या द्रौपदीच्या रूपाने पराधीन देश आणि अपमानित स्त्री या दोघींची वेदना एकवटली. स्त्रीला दास्यात ठेवून देश स्वतंत्र होणार नाही, ही त्यांची निष्ठा होती.

सप्टेंबर १९२१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते निवर्तले. त्यानंतर त्यांच्या साहित्याच्या प्रकाशनासाठी चेल्लम्मांनीच पुढाकार घेतला. एकेकाळी घरी राहिलेल्या सहचारिणीनेच कवीचा शब्द जगापुढे नेला.