लेव्ह शुब्निकोव्ह

वर्धा नदीस पूर आला म्हणजे पाण्यांत भोवरे पडतात, हें चांदूरच्या आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. विजेचेहि असेच भोवरे असतात. ज्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांमुळें त्यांचा माग लागला, त्याचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

लेव्ह वासिलिविच शुब्निकोव्ह ह्यांचा जन्म १९०१ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. १९२६ पासून चार वर्षें ते हॉलंडांत लायडनच्या शीत प्रयोगशाळेंत होते. शून्याखालीं सुमारें २६९ अंशांपर्यंत थंड केलेला पारा विजेस मुळींच अडथळा करीत नाहीं, हा शोध १९११ सालीं तेथेंच कॅमर्लिंग ओन्स ह्यांनीं लाविला होता. ह्या गुणास अतिसंवाहकता म्हणतात.

परतल्यावर शुब्निकोव्ह ह्यांनीं युक्रेनमधील खारकोव्ह येथें शीत प्रयोगशाळा चालविली. त्यांच्या पत्नी ओल्गा ह्याहि पदार्थविज्ञानवेत्त्या असून तेथेंच काम करीत. शुद्ध शिसें अतिसंवाहक झालें म्हणजे चुंबकत्वास आंत येऊं देत नाहीं. चुंबक फार प्रबळ झाला तर तो गुणच एकदम नष्ट होतो. पण शिशांत थॅलियम मिसळलें असतां चुंबकत्व हळूहळू आंत शिरतें आणि तरीहि अतिसंवाहकता बऱ्याच पुढील मर्यादेपर्यंत टिकते. हा मिश्रण नीट न झाल्याचा दोष, असें पुष्कळांस वाटे. शुब्निकोव्ह ह्यांनीं अत्यंत काळजीपूर्वक एकसंध स्फटिक तयार करून तो संशय दूर केला. आमच्या मतें त्यांचा खरा मोठेपणा ह्या चिकाटींत आहे.

हें काम १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं ऑगस्टांत त्यांस खोट्या आरोपांवरून अटक झाली व १० नोव्हेंबरला गोळी घालण्यांत आली. वय अवघें छत्तीस! त्यांच्या कुटुंबास मात्र ते १९४५ सालीं हृदयविकारानें वारले, असें पुढें खोटेंच कळविण्यांत आलें.

१९५७ सालीं सरकारनें त्यांस निर्दोष ठरविलें. योगायोग असा कीं, त्यांचे खारकोव्हचे स्नेही लान्दाउ ह्यांचे शिष्य अब्रिकोसोव्ह ह्यांनीं त्याच वर्षीं कोडें उलगडलें: चुंबकत्व बारीक धाग्यांच्या रूपानें आंत शिरतें व प्रत्येक धाग्याभोंवतीं वीज भोवऱ्यासारखी फिरते. हें गणित त्यांनीं शुब्निकोव्ह ह्यांच्याच जुन्या मोजमापांशीं ताडून पाहिलें. अब्रिकोसोव्ह ह्यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतहि ह्या भोवऱ्यांचा अभ्यास झाला आहे. केसाच्या जाडीहून कितीतरी लहान चकतींत त्यांस जागा पुरत नाहीं. मग ते कडेच्या आकाराप्रमाणें रांग धरतात, किंवा अनेक मिळून एकच मोठा भोवरा होतो. ज्या अवस्थेंत हे भोवरे पडतात, तिला शास्त्रज्ञ शुब्निकोव्ह अवस्था म्हणतात.