वाटाण्याचं रोप आणि आगकाड्या

शाळेच्या आठवणी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला संपादक मंडळाने सांगितलं, तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी लिही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, व्हिडिओसाठी लागणारे प्रोग्रॅम लिहिते. पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे मुळात स्थिर चौकटींची रांग, या एका गोष्टीवर माझं घर चालतं. ती गोष्ट आपल्या देशात हाताने करून दाखवणारे पहिले मानले जातात ते दादासाहेब फाळके. शाळेत त्यांच्याबद्दल ‘राजा हरिश्चंद्र, १९१३’ एवढं लिहिलं की गुण मिळायचे. त्या ओळीच्या आजूबाजूला जे राहून गेलं, ते इथे सांगते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. कला महाविद्यालयात आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, सगळ्यात हात घातला. गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि स्वदेशीच्या चळवळीत ती सोडली. लोणावळ्याला छपाईचा उद्योग मांडला. म्हणजे आपल्याच अंबरनाथ-बदलापूरवरून कर्जतच्या घाटाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर. रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पुढे भागीदारांशी पटलं नाही आणि तो धंदाही सुटला.

वय चाळीस. हातात काम नाही, घरात मुलं. अशा वेळी १९११ मध्ये गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर याव्यात, हे मनाने घेतलं. मग रोज चित्रपट बघायचे, मिळेल ते वाचायचं, रात्री प्रयोग करायचे. झोप नावाला. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी कर्ज काढलं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी ओळखी करून दिल्या. सेसिल हेपवर्थ या निर्मात्याने आपला स्टुडिओ दाखवला. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र विकत घेऊन दादासाहेब १ एप्रिलला परतले.

आता भांडवल हवं होतं आणि सावकाराला या वेडावर विश्वास नव्हता. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याभराहून अधिक काळ ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपली. पडद्यावर मिनिटभरात बीमधून अंकुर फुटून रोप वर चढत गेलं. ही ‘अंकुराची वाढ’. ओल्या कापसात मूग ठेवून रोज मोड मोजायला लावणाऱ्या आपल्या विज्ञानाच्या बाईंना ती फार आवडली असती. मूकपटाला सेकंदाला साधारण १६ चौकटी धरल्या तर मिनिटाच्या सुमारे ९६० होतात. कुठे घाई नाही, मधला दिवस चुकवायचा नाही. ती फिल्म पाहून पैसे उभे राहिले. आमच्या धंद्यात मोठ्या कामाआधी छोटा नमुना करून दाखवायचा असतो. तो त्यांनी दादरच्या घरात, एका कुंडीत केला.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्यामागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. दागिने त्यांचे गेले, चित्रपटात काम करणाऱ्या सगळ्यांचा स्वयंपाक त्यांनी केला, आणि रात्री फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणंही त्यांनीच केलं. आजच्या भाषेत त्या तंत्रज्ञ होत्या. श्रेयनामावली लिहिण्याची आज आपल्याला सवय आहे, म्हणून त्यांचं नाव इथे मुद्दाम लिहिते.

पुढे महायुद्ध सुरू झालं, पैसा आटला. त्या काळात, १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी जराशी सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. निर्जीव काड्या पडद्यावर आपणहून हलायला लागायच्या. अंबरनाथला विमको यायला अजून आठेक वर्षं होती आणि मिकी माऊसच्या पहिल्या बोलपटाला तेरा. विमको नाक्यावरून शाळेत येणाऱ्यांना, काड्यापेट्यांवरची चित्रं जमवणाऱ्यांना, त्या काड्या डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाला डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले १९५६ मध्ये. तिथे तयार झालेल्या राम मोहन यांच्यासारख्यांनी हा धंदा उभा केला. पण चौकटीमागून चौकट हा हिशेब चाळीस वर्षं आधीच मांडून झाला होता.

‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) गाजले. नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भागीदारांशी पुन्हा बिनसलं, दादासाहेब काशीला निघून गेले, मग परत आले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ सरला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा चित्रपटसृष्टी बरीच पुढे निघून गेली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट अशी त्यांच्या कामाची मोजणी होते. त्यातली थोडीच रिळं उरली, तीही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली म्हणून. आगकाड्यांची मौज आता कुणाला बघायला मिळत नाही. ती फिल्म पटकन पेट घेणाऱ्या जातीची होती हे खरं, पण नुसत्या आगीने एवढं जात नाही. जपून ठेवायचं कुणाला सुचलं नाही, म्हणूनही ते गेलं.

म्हणून जाता जाता एक विनंती. आपल्या स्नेहसंमेलनांच्या व्हिडिओ कॅसेट, सहलींचे रोल, निरोप समारंभाचे फोटो कुणाच्या माळ्यावर असतील तर मेळाव्याला घेऊन या. पावसाळ्यातल्या ओलीने कॅसेटला बुरशी येते, आणखी दहा वर्षं ती थांबणार नाही. सगळं संगणकावर उतरवून शाळेच्या ग्रंथालयात एक प्रत देण्याचं काम मी अंगावर घेते. कॅसेटवर वर्ष आणि कार्यक्रम लिहा. चित्रीकरण कुणी केलं होतं, तेही आठवून नक्की लिहा.